चुकीचं दळण

संग्रहालयाच्या फाटकासमोर पहिली सहल उतरली की माझा हिवाळा सुरू होतो. काल ती उतरली. फाटक्या पोत्यातून तूर सांडावी तशी एसटीच्या दारातून पोरं सांडली. सगळ्यांच्या हातात डबे, निम्म्यांच्या नाकाला पाणी, आणि सगळ्यात शेवटी उतरलेले गुरुजी पोरं मोजायला लागले तर दर खेपेला वेगळाच आकडा. शेवटी त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि खिशातला मोबाइल काढून बोलत सुटले. मी झाडू भिंतीला टेकवला आणि उगीच हसत उभी राहिले. हवेत उसाच्या पाचटाचा वास होता आणि मला तो हिवाळा आठवला.

तो हिवाळा म्हणजे माझी थोरली सातवीत होती तेव्हाचा. आता तिला दोन लेकरं आहेत. अंबडला तेव्हा पिवळ्या रंगाचं एसटीडीचं खोकं नवं आलं होतं आणि बोलायला काही नसलं तरी लोक तिथं रांग लावत. आमचे मालक दिवाळी झाली की अंकुशनगरला साखर कारखान्यावर जात, ते शिमग्यालाच परत येत. त्यामुळे हिवाळा मला नेहमीच जरा मोकळा वाटायचा. हे वहीत लिहिते आहे म्हणून लिहिलं. तोंडानं कुणाला सांगितलं नसतं.

तोंडानं मी तसं कुणाला काहीच सांगत नसे. बाजारात भाव विचारायची लाज वाटे, म्हणून पहिल्या दुकानात जी भाजी दिसेल तीच आमच्या घरी व्हायची. एकदा एसटीत कंडक्टरला 'थांबवा' म्हणवेना, तर दोन गावं पुढं उतरून चालत आले. शिक्षण चौथीपर्यंत. चौथीतही गुरुजींनी पाढे विचारले की मला यायचे, पण तोंडातून बाहेर यायचे नाहीत. गुरुजींना वाटलं हिला येत नाही. मीही म्हटलं, असू दे.

संग्रहालयात माझं काम झाडायचं, पुसायचं, पाणी भरायचं. आणि सहल आली की आतल्या दालनात स्टुलावर बसून पोरांना म्हणायचं, "हात लावू नका." सगळ्या नोकरीत बोलायला लागायचं ते एवढं एकच वाक्य, आणि तेही मी इतकं हळू म्हणायची की पोरं वळून विचारत, "काय म्हणल्या मावशी?" तोवर दुसऱ्यानं हात लावलेला असायचा.

पण खरं सांगायचं तर हात लावावा असं पोरांना फारसं काही वाटतच नसे. मूर्ती, तलवारी, नाणी, कोरीव दगड; काचेसमोरून पोरांची रांग अशी सरके जशी लग्नात आहेर द्यायची. पाठीमागं गुरुजी "पुढं चला, पुढं चला" करत. चार मिनिटांत दालन संपे. मग पोरं धावत सुटत ती आवारातल्या पाण्याच्या टाकीकडे. तिला तोटी होती आणि ती फिरवता यायची.

त्या हिवाळ्यात औरंगाबादहून वैद्य मॅडम आल्या. बारीक अंग, मोठा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. शाळांसाठी काहीतरी करायला त्यांना वर्षभरासाठी पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "द्वारकाबाई, मुलांना इथलं सगळ्यात जास्त काय आवडतं?"

मी खाली बघून म्हटलं, "तोटी."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मी बोललेलं कुणी लिहून घेतलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. घरी गेल्यावर मी दोनदा तोंड धुतलं, इतकं गरम झालं होतं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. काचेतल्या वस्तू काचेतच राहतील. पण ज्या जुन्या वस्तू अजून घराघरात अडगळीत पडल्यात, त्या मागून आणायच्या, पेटीत भरायच्या आणि थेट शाळेत न्यायच्या. पोरांनी त्या हातात घ्यायच्या, वजन बघायचं, वास घ्यायचा, चालवून बघायच्या. तिला त्यांनी नाव दिलं होतं हाताळणी पेटी. मग आम्ही जीपमधून गावोगाव हिंडलो. जीप चालवायला रज्जाकभाई, पुढं मॅडम, मागं मी. आडकित्ता मिळाला, धान्य मोजायचे शेर आणि मापटं मिळालं, दौत-बोरू, बैलाची घुंगरमाळ, पाखरं हाकायची गोफण, मोटेच्या कातड्याचा एक तुकडा. त्या तुकड्याला असा वास होता की रज्जाकभाई जीपच्या सगळ्या काचा खाली करून चालवत, थंडीतसुद्धा.

एक जातं हवं होतं. आमच्या परसात सासूबाईंचं जातं गिरणी आल्यापासून पालथं पडलं होतं आणि कोंबड्या त्यावर बसत. मी धीर करून विषय काढला.

"संग्रहालयात?" सासूबाई म्हणाल्या. "तिथं तर मेलेल्या राजांचं सामान ठेवत्यात. मी मेले का अजून?"

"शाळेत न्यायचंय. पोरांना दाखवायला."

"पोरांना जातं म्हाईत न्हाई? मंग त्यांच्या आया काय करून राह्यल्यात?"

"गिरणीत जात्यात."

"मंग गिरणी न्या की शाळेत!"

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच कोंबड्या हाकलल्या आणि जातं धुऊन ठेवलं. "ने. पन त्या तुझ्या मॅडमला सांग, जातं कुनाचं ते लिहायचं. अन् मी जित्ती हाय, हेबी लिहायचं."

मॅडमनी खरंच तशी चिठ्ठी केली. 'दगडी जाते. देणगी : गंगूबाई (हयात).' सासूबाईंनी ती चिठ्ठी शेजारणीकडून तीनदा वाचून घेतली.

पेटी भरायच्या आधी मॅडमनी मला वस्तू कशी धरायची ते शिकवलं. आधी खाली बसायचं. खाली जाड मऊ कापड. दोन्ही हातांनी उचलायचं. आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कधी द्यायचं नाही. एकानं कापडावर ठेवायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं, म्हणजे मधल्या मध्ये पडत नाही.

"मीठ देतात तसं," मी म्हटलं. मीठ आमच्याकडे कुणी हातात देत नाही, भांडण होतं म्हणतात.

मॅडम थांबल्या. "अगदी तसंच," म्हणाल्या आणि वही काढली. त्या दिवशी मी एकदाच तोंड धुतलं.

पहिल्या शाळेच्या आदल्या दिवशी पेटी मीच भरली. आता नवी वस्तू वापरात काढायची तर हळदकुंकू लावल्याशिवाय कशी काढणार? आमच्याकडे साधी नवी केरसुणी आणली तरी तिला हळदकुंकू लागतं. ही तर सगळी मानाची मंडळी. मी जात्याला पाच बोटं ओढली. आडकित्त्याला लावलं, शेराला, मापट्याला, दौतीला लावलं, घुंगरमाळेच्या एकेका घुंगराला लावलं. मोटेच्या कातड्याला नाक दाबून लावलं. मग निवांत झोपले.

सकाळी शाळेच्या पडवीत कापड अंथरलं आणि वस्तू मांडल्या. चौथीची पोरं रांगेनं आली. पहिल्या पोरानं जात्यावरचं कुंकू पाहिलं, हात जोडले, वाकून डोकं टेकवलं आणि पुढं गेला. दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानं घुंगरमाळेला हात न लावता ते हात स्वतःच्या गालांना लावले. बघता बघता दर्शनाची रांग लागली. गुरुजींनी लांबूनच चपला काढल्या. कुणीतरी पळत जाऊन झेंडूची फुलं आणली. एक पोरगी पेटीला प्रदक्षिणा घालायला लागली, तिच्या मागं आणखी दोघी.

"मुलांनो, हात लावा ना!" मॅडम म्हणाल्या. "उचला, बघा!"

"हाताची घडी! तोंडावर बोट!" गुरुजी ओरडले.

"गुरुजी, हातच लावायचाय त्यांनी."

"मॅडम, तुमचं बराबर हाय. पन आज ह्याला हात लावू दिला, तर उद्या हे माझ्या खुर्चीला लावत्याल."

पोरं हाताची घडी घालून बसली. मॅडम एकेकाला विनवत होत्या. शेवटी एका बारक्या पोरीनं घडी सोडली आणि घुंगरमाळेकडे एक बोट नेलं. आणि त्या क्षणी, इतक्या वर्षांत कधी निघाला नव्हता असा आवाज माझ्या तोंडून निघाला.

"हात लावू नका!"

पत्र्यावरची कबुतरं उडाली. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. गुरुजींनी माझ्याकडे पहिल्यांदा आदरानं पाहिलं. आणि मॅडमनी पाहिलं ते कसं पाहिलं ते मी लिहीत नाही. मला वाटलं, जात्याच्या तोंडात शिरावं आणि पीठ होऊन बाहेर पडावं.

परतीच्या वाटेवर रज्जाकभाई म्हणाले, "मॅडम, उद्यापासून गाडीत नारळ ठेवू का? दर्शन तर एक नंबर झालं." मॅडम हसायला लागल्या, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग बाहेर बघत म्हणाल्या, "महिनाअखेर मोठे साहेब येणार आहेत, द्वारकाबाई. एकच तास बघणार. मुलं वस्तू हाताळताना त्यांना दिसली, तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना पेट्या जातील. नाही दिसली तर पेटी कोठीत जाईल आणि मी औरंगाबादला."

मी कुठं जाईन ते त्या बोलल्या नाहीत. मला ते माहीत होतं. मी स्टुलावर.

आता वाटतं, मला तेव्हा इतकं का लागलं? जीपमध्ये मागं फळी होती, तिच्यावर मी, पायाशी जातं, मांडीवर घुंगरमाळ. खड्डा आला की घुंगरं वाजायची आणि रस्त्यानं चाललेली बैलं मान वळवून बघायची. वस्तू गोळा करायच्या त्या तीन आठवड्यांत मी जेवढं पाहिलं तेवढं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. उसानं भरलेल्या गाड्यांची रांग, बैलांच्या तोंडाची वाफ. कोवळ्या ज्वारीच्या कणसांचा धूर, रज्जाकभाई जीप थांबवत आणि कुणाच्याही शेतात जाऊन "हुरडा हाय का?" असं आपल्या घरी विचारावं तसं विचारत. परतूरला मी रेल्वे पहिल्यांदा जवळून पाहिली. जन्म या जिल्ह्यात गेला आणि ती इथूनच रोज जात होती. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, कापूस वाऱ्यानं उडून बाभळीच्या काट्यांना लागला होता. मी मॅडमना म्हटलं, "बाभळीला म्हातारपन आलंय." त्या हसल्या. मी आपणहून कुणाशी तरी बोलले होते, कुणी विचारलं नसताना.

मला ती मागची फळी सोडायची नव्हती. एवढंच होतं ते.

त्या रात्री मी सगळ्या वस्तू पुसल्या, एकेकीची माफी मागत. आणि दुसऱ्या दिवसापासून परसात कोंबड्यांसमोर उभी राहून "हात लावा, हात लावा" असं म्हणायचा सराव केला. कोंबड्या पळून जात. सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "येड लागून राह्यलं का गं? कोंबड्यांना हात कुठं असत्यात?"

दुसऱ्या शाळेत पोरं पुन्हा हाताची घडी घालून बसली. मॅडमनी मला खूण केली. माझ्या घशातून 'हात' एवढंच निघालं आणि पुढचं वाक्य आतच राहिलं. काय करावं कळेना, म्हणून मी जात्यापाशी बसले आणि दळायला लागले. घाईत मूठभर ज्वारीच्या जागी पुरी ओंजळ जात्याच्या तोंडात गेली. जातं घुसमटलं. मी जोर केला, तर खाली पिठाच्या जागी आख्खे दाणे आणि भरड सांडायला लागली. मी आणखी ओंजळ घातली.

समोर दोन वेण्यांची एक पोरगी बसली होती. तिची घडी घट्ट होती, पण तोंडावरचं बोट हलायला लागलं. मग मान हलायला लागली. मग तिला राहवेना.

"अवो मावशी, मूठभर घालावं! तुम्हाला कुनी शिकवलं न्हाई का?"

ती उठली, मला कोपरानं सरकवलं आणि जात्याला भिडली. दुसरी म्हणाली, "खुंटा ढिला हाय, चिंधी घाल." तिसरा म्हणाला, "आमची आजी एवढा जाड दाना पाडीत न्हाई." दहा हात जात्यावर, चार शेरावर, कातड्याचा वास घेऊन दोघं पळून गेले आणि मित्रांना वास द्यायला परत आले. गुरुजी बघत राहिले. मॅडम मागं उभ्या राहून भराभर लिहीत होत्या.

जीपमध्ये त्यांनी विचारलं, "मुद्दाम केलंत का तुम्ही?"

खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," मी म्हटलं. "घाबरल्ते."

"उद्यापासून मुद्दाम घाबरा," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून चुकणं हे माझं काम झालं आणि त्यात मी हुशार निघाले. मी आडकित्त्यानं सुपारी आडवी धरून कातरायचे, ती उडून पोरांत पडायची. मापटं पालथं घालून त्याच्या बुडावर ज्वारी मोजायचे. बोरू उलट्या टोकानं दौतीत बुडवायचे. शहाणं माणूस समोर आलं की पोरं हात आवरून घेतात. चुकणारं माणूस दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. आयुष्यभर मी सासूबाईंसमोर चुकत आले होते आणि त्या आयुष्यभर उठून मला दाखवत आल्या होत्या. म्हणजे हे काम त्यांनीच मला शिकवलं म्हणायचं. जालन्याच्या एका मोठ्या शाळेत मात्र फसगत झाली. तिथल्या पोरांनी जातं कधी पाहिलंच नव्हतं. मी ओंजळ घातली, जातं अडलं, आणि पोरांनी शांतपणे वहीत लिहिलं, 'जात्यात ओंजळभर धान्य घालतात. मग ते अडकते.' एकानं चित्रही काढलं. तेव्हा कळलं की शहरातल्या पोरांसमोर आधी बरोबर करावं लागतं, मग चुकावं लागतं.

साहेब येणार ती शाळा परतूरच्या वाटेवरची. अंगण शेणानं सारवलेलं, वर्गात चुन्याचा वास, पोरांच्या केसांना तेल इतकं की कपाळावर ओघळत होतं. साहेब उशिरा आले. सफारीतले, जाडजूड, चेहरा असा की कुणी सही-शिक्का मारून बंद करून ठेवलाय. शाल झाली, नारळ झाला, स्वागतगीत झालं, मग सरपंच बोलले, मग सरपंच राहिलेलं पुन्हा बोलले. मॅडमच्या एका तासातली वीस मिनिटं उरली.

आणि मग मला कळलं की काय झालंय. गुरुजी हळूच मॅडमना म्हणाले, "काळजी नका करू. पोरांना बजावून ठेवलंय, साहेबांसमोर कुनी कुनाची चूक काढायची न्हाई. चूक काढली की सुट्टी बंद."

मॅडमचा चेहरा उतरला. मी जात्यापाशी बसले होते. पोरं समोर हाताची घडी घालून.

मी ओंजळ घातली. पोरांनी पाहिलं आणि गिळून टाकलं. मी दुसरी ओंजळ घातली. एका पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खुंटा काढला आणि उलटा बसवला. पुढच्या रांगेतली एक पोरगी, नाव मागून कळलं, शालन, तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मी मापट्याच्या बुडावर ज्वारी ओतली, ती सगळीकडे सांडली. वर्ग असा गप्प होता की एकेक दाणा घरंगळलेला ऐकू येत होता. दारात रज्जाकभाई ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते. मी मग जात्याची वरची तळी उचलली आणि ती पालथीच ठेवायला लागले. याहून मोठी चूक मला येत नव्हती.

"अवो बाई, काय करून राह्यला!"

आवाज साहेबांचा होता. आतापर्यंत ते 'शैक्षणिक उपक्रम' आणि 'दृष्टिकोन' असं बोलत होते. शाल खुर्चीवर टाकून ते खाली आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. सफारीची शिवण कुठंतरी उसवल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला, कुणी पाहिलं नाही. "सरका. आमची माय रोज पहाटं दळायची. मी मांडीवर निजायचो तिच्या. सरका तुम्ही." त्यांनी तळी सरळ बसवली, खुंटा ठोकला, मूठ घातली आणि ऐटीत एक फेरा दिला.

खुंटा त्यांच्या हातात आला.

गुरुजींनी डोळे मिटले. साहेब खुंट्याकडे बघत बसले. आणि शालननं मांडीखालचे हात काढले.

"साहेब," ती म्हणाली, "चिंधी न्हाई घातली तुम्ही."

साहेबांनी खुंटा तिच्यापुढं कापडावर ठेवला. "मंग घाल की तू."

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पोरांच्या घोळक्यात खालीच सापडले होते. कुणी दळत होतं, कुणी साहेबांना शेर मोजून दाखवत होतं, मोटेचं कातडं साहेबांच्या नाकाशी होतं. एकानं गोफण उचलली आणि दोरीचं भलतंच टोक बोटात अडकवलं. चूक काढायची नाही असं बजावणारे गुरुजी इतका वेळ तळमळत होते, त्यांनाही आता राहवलं नाही. "अरे, असं धरत्यात का? कुनब्याचं पोरगं ना तू?" त्यांनी गोफण घेतली, अंगणात गेले, खडा ठेवला, डोक्यावर तीन गरके दिले आणि सोडला.

शाळेच्या लिंबाला घंटेसाठी रुळाचा तुकडा टांगलेला होता. खडा बरोबर त्यावर बसला.

पहिलीच्या पोरांना एक टोला काय आणि दहा टोले काय. ती दप्तरं घेऊन सुटली. त्यांना पाहून दुसरी सुटली, मग तिसरी. गुरुजी गोफण हातात घेऊन "अरे न्हाई! अरे थांबा!" करत मागं धावले, तशी पोरं आणखी जोरात पळाली. अंगणात धूळ उठली. क्षणात शाळा रिकामी.

चौथीतलं एकही पोर उठलं नव्हतं. शालनची दळायची पाळी चालली होती. तिच्यामागं जो नंबर लावून बसला होता तो मान न वळवता म्हणाला, "शाळा सुटली वाटतं." आणि तिला म्हणाला, "आवर ना गं, जल्दी."

साहेबांनी अंगणाकडे पाहिलं. पोरांकडे पाहिलं. हातावरचं पीठ चोळत बसले. जाताना शाल तिथंच विसरले आणि मूठभर पीठ मात्र रुमालात बांधून घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. पेट्या जिल्हाभर जाणार. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि मधेच थांबल्या. खाली एक अट होती. पेटीसोबत जाणारी व्यक्ती किमान दहावी उत्तीर्ण असावी.

मी झाडू उचलला. खरं म्हणजे झाडायचं काही राहिलं नव्हतं, पण उचलला. मॅडम म्हणाल्या, "मी साहेबांना लिहिते." मी म्हटलं, "र्‍हाऊ द्या. नियम हाय." आत दालनात जाऊन मी स्टुलावर बसले. समोरच्या काचेत तलवार होती आणि तिच्यावर माझं तोंड दिसत होतं.

आमचे मोरे भाऊसाहेब, संग्रहालयाचे लिपिक, चष्मा कपाळावर ठेवून ते पत्र तीनदा वाचून बसले होते. बिलकुल न हसणारा माणूस. वीस वर्षं वस्तूंच्या नोंदी लिहून त्यांचं बोलणंही नोंदीसारखं झालेलं. ते मॅडमना म्हणाले, "व्यक्ती दहावी पास पाहिजे. बराबर. व्यक्ती म्हणून आपण रज्जाकला दाखवू, तो अकरावी हाय."

"आणि द्वारकाबाई?"

"वस्तूला शिक्षणाची अट न्हाई," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी पेटीचं नोंदपुस्तक काढलं, दौत जवळ ओढली आणि चौदाव्या ओळीत जे लिहिलं ते मला बोलावून वाचून दाखवलं. 'जाते, दगडी, एक. खुंटा, लाकडी, एक. फिरवणारी बाई, एक. तिन्ही मिळून एक वस्तू समजावी. वेगळी करू नये.' वर शिक्का मारला. मॅडम खिडकीपाशी जाऊन तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि भाऊसाहेबांना वाटलं त्यांना सर्दी झाली.

मॅडम वर्ष संपल्यावर गेल्या. भाऊसाहेब निवृत्त झाले. सासूबाई गेल्या, आणि चिठ्ठीवरचं 'हयात' कुणी खोडलं नाही, मीही खोडू दिलं नाही. पेट्या पुढं सहा झाल्या. दर हिवाळ्यात मी जीपमध्ये मागं बसून जाते आणि पोरांसमोर चुकते. आता तर इतकं चुकता येतं की घरी कधीकधी बरोबर करायचं लक्षात ठेवावं लागतं.

गेल्या आठवड्यात नोंदींची पडताळणी झाली. लिपिक नवा, पोरसवदा, परगावचा. तो एकेक वस्तू वाचे, मी कापडावर ठेवे, तो खूण करे. चौदाव्या ओळीवर आला.

"जातं?"

"हाय."

"खुंटा?"

"हाय. दोनदा बदललाय."

त्यानं पुढचं वाचलं. पुन्हा वाचलं. पान तिरकं धरून वरचा शिक्का बघितला. मग गोंधळून इकडेतिकडे बघत म्हणाला, "ही तिसरी कुठं ठेवलीय?"

मी कापडावरून उठून उभी राहिले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. सरकारी शिक्का होता. त्याला खोडता येईना. त्यानं खूण केली. मग 'स्थिती' असं लिहिलेल्या रकान्यावर पेन टेकवून बिचारा अडकून बसला. जात्यापुढं त्यानं 'झिजलेले' असं लिहिलं होतं. खुंट्यापुढं 'नवीन'. आता परक्या बाईमाणसाला काय विचारावं, त्याचे कान लाल झाले. मला त्याची दया आली. मी स्वतःच बोलले, आणि हळू बोलले नाही.

"वापरात, असं लिहा."